जुनी विंडोज नव्या मदरबोर्डवर अडते कुठे?

आजच्या महागड्यातल्या महागड्या डेस्कटॉपचे बटण दाबले, तरी त्यातला इंटेलचा किंवा एएमडीचा प्रोसेसर पहिले काही क्षण १९७८ सालात वावरत असतो. त्या वर्षी आलेल्या ८०८६ या चिपसारखाच तो १६ बिटांच्या पद्धतीने जागा होतो, ठरलेल्या पत्त्यावरची पहिली सूचना वाचतो आणि मग पायरीपायरीने ६४ बिटांपर्यंत चढतो. हा वारसा छाटून टाकावा म्हणून इंटेलने २०२३ मध्ये ‘एक्स८६-एस’ नावाचा प्रस्ताव मांडला होता. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने तो स्वतःच गुंडाळला. थोडक्यात, चार दशकांपूर्वीच्या सूचना आजचा प्रोसेसरही मुकाट्याने पाळतो.

मग २००१ ची विंडोज एक्सपी आणि २००९ ची विंडोज ७ नव्या मदरबोर्डवर का चालू होत नाहीत? ‘मशीन नवं आहे, जुनं काही चालणार नाही,’ असे दुकानदार सांगतो आणि आपण मान डोलावतो. पण अडचण बहुतेकदा प्रोसेसरमध्ये नसतेच. ती असते मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या, बोटाच्या नखापेक्षाही लहान चिपमध्ये. यंत्र चालू झाल्यापासून विंडोजच्या हाती कारभार जाईपर्यंतचे सगळे काम करणारे फर्मवेअर या चिपमध्ये राहते. जुनी प्रणाली चालवू पाहणारे लोक म्हणून आधी या फर्मवेअरलाच हात घालतात.

ही जुनी विंडोज हवी कोणाला असते?

जुन्या गेमचे शौकीन हा यातला एक वर्ग झाला. त्यांच्याइतकीच गरज असते ती कारखान्यांना आणि प्रयोगशाळांना. वीस वर्षांपूर्वी घेतलेले सीएनसी मशीन किंवा रासायनिक पृथक्करणाचे उपकरण अजून ठणठणीत असते. पण ते चालवणारे सॉफ्टवेअर एक्सपीसाठी लिहिलेले, संगणकात बसवायचे त्याचे पीसीआय कार्ड त्याच काळातले आणि बनवणारी कंपनी एव्हाना बंद पडलेली. उपकरण टिकते, त्याला जोडलेला संगणक मात्र दगावतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात आणि त्या मॉडेलचा दुसरा बोर्ड बाजारात मिळत नाही.

एक्सपीची मुळे किती खोल गेली होती, हे आपल्याकडे एटीएमच्या निमित्ताने दिसले. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार काढून घेतला. त्यानंतर चार वर्षांनी, जून २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना मुदत घालून द्यावी लागली, की जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळी एटीएम चालू आधार असलेल्या प्रणालीवर न्यावीत. मराठी डीटीपीच्या धंद्यातही २००१ चे पेजमेकर ७ आणि युनिकोडपूर्व फॉण्ट यांत अडकलेला मजकूर पुष्कळ आहे.

पेजमेकरसारख्या कामाला व्हर्च्युअल मशीन पुरते, म्हणजे नव्या विंडोजच्या पोटात जुनी विंडोज चालवायची. पण खऱ्या पीसीआय कार्डाशी, क्षणाक्षणाचे भान ठेवून बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचे त्यावर भागेलच असे नाही. त्याला खरेखुरे यंत्र लागते.

बायोसने दिलेला शब्द

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला. त्याच्या बायोसने, म्हणजे त्या काळच्या फर्मवेअरने, ऑपरेटिंग सिस्टिमला काही सेवा क्रमांकानुसार देऊ केल्या. पडद्यावर काही दाखवायचे असेल, तर इंटरप्ट १० ला हाक मारायची. डिस्क वाचायची असेल, तर इंटरप्ट १३ ला. डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट बायोस स्मृतीत आणून ठेवणार आणि तिथून पुढे प्रणालीने आपला कारभार पाहायचा. डॉसपासून एक्सपीपर्यंत सगळ्या पिढ्या या आश्वासनावर विसंबून वाढल्या.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटेलला आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी ही व्यवस्था तोकडी वाटू लागली. त्यातून ईएफआय हे बायोसची जागा घेणारे मानक जन्माला आले. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून यूईएफआय फोरम स्थापन केला आणि पुढे तेच यूईएफआय या नावाने सार्वत्रिक झाले. जुन्या प्रणाली उघड्यावर पडू नयेत म्हणून नव्या फर्मवेअरमध्ये सीएसएम हा भाग ठेवला गेला. बायोसच्या जुन्या सेवांचे सोंग घेणे, एवढेच त्याचे काम. २०१७ मध्ये इंटेलने जाहीर केले, की २०२० पर्यंत हे सोंग बंद करायचे. अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून अंगभूत ग्राफिक्सला जुन्या पद्धतीचा व्हिडिओ बायोसच उरला नाही. एक्सपीच्या नेहमीच्या ३२ बिटी आवृत्तीला यूईएफआयमधून चालू होताच येत नाही. सीएसएम गेला, की तिची वाटच संपते.

विंडोज ७ ची गंमत वेगळी आहे. तिची ६४ बिटी आवृत्ती यूईएफआयमधून चालू होते, पण पडदा रंगवायच्या वेळी सवयीने इंटरप्ट १० ला हाक मारते. त्या हाकेला ओ द्यायला कोणी नसते आणि ‘स्टार्टिंग विंडोज’ या अक्षरांवर सगळे थिजते. यावरचा तोडगा मोठा चतुर आहे. ‘यूईएफआयसेव्हन’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम विंडोजच्या आधी चालवायचा. स्मृतीच्या अगदी सुरुवातीला इंटरप्टांच्या पत्त्यांची जी यादी असते, तिच्यात ‘१०’ या क्रमांकापुढे तो स्वतःच्या तुकड्याचा पत्ता लिहून ठेवतो. विंडोजने विचारले, की हा तुकडा मोजकी तयार उत्तरे देतो आणि पडद्याची स्मृती कुठे आहे ते सांगतो. विंडोजचे समाधान होते आणि ती पुढे सरकते. व्हर्च्युअल मशीनसाठी मुक्त फर्मवेअर लिहिणाऱ्यांना हीच अडचण आधी आली होती. युक्ती मूळ त्यांची. अलीकडे ‘सीएसएमरॅप’ या प्रकल्पाने हीच कल्पना पुढे नेली आहे. सीबायोस या मुक्त बायोसलाच तो यूईएफआयच्या प्रोग्रॅमसारखा चालवतो आणि काढून टाकलेला सीएसएम बाहेरून परत आणून बसवतो.

यादीतली न कळणारी ओळ

पडद्याचे जमले, तरी एक्सपीपुढे दुसरा अडसर असतो. नवा फ्लॅट ताब्यात देताना बिल्डर सांगतो, की हे बटण कुठल्या दिव्याचे, मेन स्विच कुठे, पाण्याचा कॉक कुठे. फर्मवेअरही कारभार सोपवताना विंडोजला अशीच यादी देते. तिचे नियम म्हणजे एसीपीआय हे मानक. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये आणले. या यादीत नुसती माहिती नसते, छोटे छोटे प्रोग्रॅमही असतात: बॅटरी किती उरली ते कसे विचारायचे, पंखा कधी वाढवायचा, झोपलेले यंत्र कसे उठवायचे. हे प्रोग्रॅम एएमएल नावाच्या सांकेतिक भाषेत लिहिलेले असतात आणि त्यांचा अर्थ लावणारा भाग विंडोजमध्ये असतो.

एक्सपीमधला हा भाग एसीपीआयच्या पहिल्या पिढीत वाढलेला आहे. त्याला ३२ बिटांच्या संख्या कळतात. आजच्या याद्या ६४ बिटांत बोलतात. मानकाच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये नव्या सूचनांची भर पडत गेली. त्यांतली एक जरी समोर आली, तरी एक्सपी निळा पडदा दाखवून थांबते. क्रमांक असतो ‘ए५’ आणि खालचा संदेश सांगतो, की या संगणकाचा बायोस एसीपीआयचे नियम पूर्णपणे पाळत नाही. प्रत्यक्षात बायोस नियम पाळत असतो. ते नियम एक्सपीच्या जन्मानंतरचे असतात, इतकेच.

यातून वाटा दोन. एक्सपीचा एसीपीआय ड्रायव्हर बदलायचा किंवा फर्मवेअरमधली यादीच एक्सपीला झेपेल अशी लिहायची. दुसऱ्या वाटेने जाणारा आधी यूईएफआयटूलसारख्या मुक्त साधनाने फर्मवेअरची फाइल उघडतो. आत शेकडो भाग असतात आणि प्रत्येकाला नावाऐवजी लांबलचक ओळखक्रमांक. त्यांतून डीएसडीटी ही मुख्य यादी शोधायची, इंटेलच्याच ‘आयएएसएल’ या साधनाने ती माणसाला वाचता येईल अशा रूपात आणायची आणि एक्सपी कुठे ठेचकाळते ते हुडकायचे.

दुरुस्ती करताना लांबीचे भान ठेवावे लागते. मजकूर वाढला, तर त्याच्यामागच्या सगळ्याचे पत्ते सरकतात. म्हणून जाणकार नकोशी सूचना खोडून तिच्या जागी ‘काहीही करू नकोस’ अशा अर्थाचा बाइट हवा तितक्या वेळा लिहितात. यादी जागच्या जागी राहते. शेवटी हिशेब जुळवायचा. यादीतल्या सगळ्या बाइटांची बेरीज २५६ ने भागल्यावर बाकी शून्य यावी, असा एसीपीआयचा नियम आहे. एक बाइट बदलला, की शीर्षभागातला तपासणीचा बाइटही बदलावा लागतो. तो विसरला, की यादी सदोष ठरते आणि बाकी सगळी मेहनत वाया जाते.

चिमटा आणि चिप

बदललेली फाइल मदरबोर्डचा नेहमीचा अपडेट प्रोग्रॅम सहसा स्वीकारत नाही, कारण तिच्यावरची कंपनीची डिजिटल सही आता जुळत नाही. मग चिपमध्ये थेट लिहायचे. सीएच३४१ए नावाचा काहीशे रुपयांचा प्रोग्रॅमर यूएसबीला जोडतात, त्याच्या वायरीच्या टोकाचा आठ दातांचा चिमटा चिपच्या आठ पायांवर बसवतात आणि आतले १६ किंवा ३२ मेगाबाइट वाचून घेतात. चिमटा एखाद्या पायावर नीट टेकला नसेल, तर वाचन बिनतक्रार पूर्ण होते आणि आकडे मात्र चुकीचे येतात. म्हणून पुन्हा वाचायचे आणि दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या निघाल्या तरच पुढे जायचे. मूळ प्रत जपून ठेवायची, कारण बोर्डचा अनुक्रमांक, नेटवर्कचा मॅक पत्ता अशा त्याच बोर्डच्या खुणाही बऱ्याचदा तिच्यात असतात. काही चिप ३.३ व्होल्टच्या, तर काही १.८ व्होल्टच्या असतात. हा फरक न पाहता चिमटा लावला, तर चिप जळू शकते. लिहिताना चूक झाली, तर बोर्ड चालूच होत नाही. मूळ प्रत परत लिहिली, की बहुधा जिवंत होतो.

पुढचे अडथळे फर्मवेअरच्या बाहेरचे. एक्सपी आणि विंडोज ७ यांना यूएसबी ३ चे नियंत्रक ओळखता येत नाहीत, त्यामुळे इन्स्टॉल सुरू होताच कीबोर्ड आणि माउस गप्प होतात. एनव्हीएमई या नव्या पद्धतीची डिस्क एक्सपीला दिसत नाही. हौशी मंडळींनी विंडोज ८ चे ड्रायव्हर मागे आणून एक्सपीत बसवले आहेत.

काही अडथळे मात्र मुद्दाम उभे केलेले असतात. नव्या प्रोसेसरना यापुढे विंडोज १० च लागेल, असे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले. २०१७ मध्ये इंटेलच्या केबी लेक आणि एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर विंडोज ७ अपडेट नाकारू लागली. विंडोज ७ त्या यंत्रांवर चालत होती. तिला अपडेट द्यायचे नाहीत, हा निर्णय व्यवसायाचा होता.

कुलपे का आली?

फर्मवेअरला कुलपे घालण्यामागे सबळ कारण आहे. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर भडकला. डिस्कवरची माहिती तो पुसायचाच, शिवाय काही मदरबोर्डांचा बायोसही खराब करायचा. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने लोजॅक्स हा घातक प्रोग्रॅम उघडकीस आणला. तो थेट फर्मवेअरच्या चिपमध्ये घर करायचा. विंडोज पुन्हा टाका, डिस्क बदला, हा आपला तिथेच.

इंटेलने २०१३ च्या सुमारास बूट गार्ड हे कुलूप आणले. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या किल्लीचा ठसा चिपसेटमध्ये कायमचा कोरला जातो आणि सही जुळली नाही, तर यंत्र चालू होण्यास नकार देऊ शकते. तिथे चिमट्याने लिहूनही उपयोग नाही. लॅपटॉपमध्ये हे कुलूप बऱ्याचदा लावलेले असते. सुट्या विकल्या जाणाऱ्या अनेक डेस्कटॉप बोर्डांवर ते लागू नसते, म्हणून ही सारी खटपट तिथे चालते. किल्ली कंपनीकडे म्हणजे सुरक्षित, असेही नाही. २०२३ मध्ये एमएसआय या मदरबोर्ड कंपनीवर झालेल्या सायबर हल्ल्यात अशा किल्ल्याही फुटल्या.

धोक्याची दुसरी बाजूही आहे. एक्सपी चालू झाली म्हणजे ती इंटरनेटवर नेण्याजोगी झाली, असे नव्हे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला आधार संपलेल्या एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली होती. अशा यंत्राला नेटवर्कची वायर न लावणे उत्तम.

तरीही एक प्रश्न उरतो. ज्याने पैसे मोजून बोर्ड विकत घेतला, त्याला त्याचे फर्मवेअर बदलता यावे की नाही? सुरक्षा हवी म्हणून मालकी सोडावी लागते, असे कंपन्या भासवतात. सुरुवातीच्या काळातल्या अनेक क्रोमबुकांनी हे खोटे ठरवले आहे. त्यांचे फर्मवेअर कोअरबूट या मुक्त प्रकल्पावर बेतलेले होते आणि चिपच्या मूळ भागावर लिहिण्याची बंदी आतल्या एका साध्या स्क्रूने घातलेली होती. तो स्क्रू असेपर्यंत कुठल्याही व्हायरसला त्या मूळ भागात लिहिता येत नसे. झाकण उघडून तो काढला, की मालकाला हवे ते फर्मवेअर घालता येई. व्हायरसकडे स्क्रूड्रायव्हर नसतो. डेस्कटॉप आणि लॅपटॉपच्या कंपन्यांनी किल्ल्या चिपसेटमध्ये कायमच्या कोरण्याऐवजी हा मार्ग धरला, तर कारखान्यातले जुने मशीन आणखी काही वर्षे चालेल, आणि त्यासाठी सुरक्षेवर पाणी सोडावे लागणार नाही.