धूर नाकापासून किती लांब?

२१ जानेवारी १८७०, शुक्रवारची रात्र. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने सभागृहात अंधार केला आणि विजेच्या दिव्याचा एकच झोत हवेतून आडवा सोडला. व्याख्यानाचा विषय होता ‘धूळ आणि रोग’. झोतात धूळ तरंगताना दिसली, यात नवल काहीच नव्हतं; खिडकीच्या फटीतून आलेल्या उन्हात ती आपणही लहानपणापासून बघतो. नवल पुढे होतं. टिंडलने काचेची नळी आधी गरम करून घेतली, म्हणजे श्वासातली वाफ आड येणार नाही, आणि तिच्यातून झोतावर सावकाश श्वास सोडला. सुरुवातीला फारसं काही झालं नाही. श्वास संपत आला तसं झोताच्या मधोमध एक काळं भोक पडलं. ते काळं दिसत होतं कारण तिथली हवा स्वच्छ होती! प्रकाश उधळायला तिच्यात कणच उरले नव्हते. फुफ्फुसाच्या पार तळातून आलेली ती हवा गाळून बाहेर पडली होती. आता गाळ कुठे राहिला, हे श्रोत्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

ही गोष्ट मी ऐकली ती वर्ध्यात, हिवाळ्यातल्या एका रविवारी संध्याकाळी. आमची भिशी आहे. त्यात निवृत्त मास्तर आहेत, बँकेतून रिटायर झालेल्या काकू आहेत, देवळीकडची दोन शेतकरी कुटुंबं आहेत, एक औषधांचे दुकानदार आहेत. त्या महिन्यात कुणीतरी टूम काढली की आधी सगळे मिळून व्याख्यानाला जाऊ आणि चहा-चिवडा मागाहून. विषय हवेचं प्रदूषण. आमची अपेक्षा ठरलेली होती: दिल्लीची धुरकट चित्रं बघायची, भूगावच्या पोलाद कारखान्याला आणि चंद्रपूरच्या वीज केंद्राला नावं ठेवायची नि घरी यायचं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला आहेत आणि वर्धा नाही. तेव्हा आपण सुटलो, असाही एक सूर होता. बोलायला उभ्या राहिलेल्या प्राध्यापिकाबाईंनी पहिल्या दहा मिनिटांतच आम्हाला कारखान्यावरून उठवून स्वयंपाकघरात आणून बसवलं.

त्यांनी टेबलावर एक छोटं यंत्र ठेवलं आणि हातभर अंतरावर एक उदबत्ती लावली. पडद्यावरचा आकडा थोडा वेळ जागचा हलला नाही. मग धुराची रेघ वळली, यंत्राकडे आली आणि बघता बघता आकडा तीन अंकी झाला. यंत्राच्या पोटात चिमुकला पंखा असतो. तो हवा आत ओढतो, आत लेझरचा किरण असतो, आणि प्रत्येक कण त्या किरणातून जाताना थोडा प्रकाश उधळतो. ते उधळलेले चमकारे यंत्र मोजतं. थोडक्यात, टिंडलचाच झोत आता खिशात मावतो. (दाट धुक्यात ते फसतं, पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतं. म्हणून सरकारी मापन केंद्रांवर गाळणकागदावर जमलेल्या धुळीचं वजन पाहणारी भारी यंत्रं असतात.)

यंत्र मोजत होतं ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा. त्याच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी बसतील. भारतात चोवीस तासांची मर्यादा आहे घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा १५ वर आणली. आपण दिवसाकाठी सुमारे अकरा हजार लिटर हवा आत घेतो. वजनात मोजली तर तेरा किलो! दिवसभराचं अन्न-पाणी मिळून त्याच्या निम्मंही भरत नाही, आणि तरी निवडून-पाखडून आपण फक्त धान्यच घेतो.

मला सगळ्यात गंमत वाटली ती कण खाली पडण्याच्या हिशेबाची. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला तीन मिलिमीटर खाली येतो. दहा फुटांवरच्या छतापासून जमिनीवर यायला त्याला पाव तासाच्या वर थोडाच वेळ लागतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला अख्खा दिवस लागतो. बंद खोलीत आज संध्याकाळी झालेला धूर उद्या दिवा लावायच्या वेळी अजून खाली उतरतोच आहे. दिसेनासा झाला म्हणजे गेला, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात तो फक्त पांगलेला असतो.

“मॅडम, तोंडाले दुपट्टा बांधला त?” मागून प्रश्न आला. उत्तरात आणखी एक कोडं निघालं. सुती कापडाच्या दोन धाग्यांमधली फट या कणांच्या मानाने दरवाजाएवढी असते, हे समजण्यासारखं आहे. पण चांगल्या मुखपट्टीलाही सर्वांत जड जातो तो सर्वांत बारीक कण नव्हे! मोठा कण वेगात येतो, वळण घेता येत नाही म्हणून धाग्यावर आदळतो. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू चारी बाजूंनी ढकलत असतात. तो वेडावाकडा भरकटतो आणि कुठल्यातरी धाग्याला चिकटतो. मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा, आदळण्याइतका जड नाही आणि भरकटण्याइतका हलका नाही. तो हवेबरोबर अलगद वळत निघून जातो. म्हणून मुखपट्ट्यांची परीक्षा याच आकाराच्या कणांवर घेतात. एन ९५ मधले ९५ म्हणजे असे शंभरातले निदान पंच्याण्णव कण अडवणं.

मग चूल आली. आमच्या भिशीतल्या अर्ध्या बायकांचं माहेर चुलीवर जेवलेलं, त्यामुळे इथे सभागृह जरा सरसावून बसलं. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. पावसाळ्यात ओल्या काड्या आणि फुंकणी. धुरकटलेल्या चुलीत जोरात फुंकर घातली की धुरानेच भपकन पेट घेतला, हे सगळ्यांनी पाहिलेलं. बाईंनी त्याचं कारण सांगितलं. लाकूड तापलं की त्यातून जळाऊ वायू निघतात. ऊब आणि हवा पुरेशी मिळाली तर त्यांची ज्वाला होते. नाही मिळाली तर ते थंडावून बारीक कण होतात. धूर म्हणजे न जळलेलं सरपण. आईच्या डोळ्यांत जात होतं ते तिनेच डोक्यावरून वाहून आणलेलं जळण होतं.

यानंतर फळ्यावर मांडलेला हिशेब मी वहीत उतरवून घेतला. स्वयंपाकघर चाळीस घनमीटरचं धरा. दारं-खिडक्यांतून तिथली हवा तासाला बारा वेळा बदलते असं समजा. म्हणजे तासाला ४८० घनमीटर हवा खोलीतून जाते. चुलीपुढची बाई त्या तासात अर्धा घनमीटर हवा श्वासात घेते. म्हणजे चुलीतून निघालेल्या धुराचा जवळजवळ हजारावा भाग एकट्या तिच्या छातीत. उंच धुरांड्यातून बाहेर पडलेल्या धुराचा हाच हिशेब केला, तर वाऱ्याच्या वाटेवरच्या सगळ्या माणसांनी मिळून श्वासात घेतलेला वाटा दहा लाखांत मोजके काही भाग एवढाच भरतो. घरात सोडलेला धूर बाहेर सोडलेल्या धुराच्या साधारण हजारपट अधिक प्रमाणात माणसाच्या फुफ्फुसात जातो, असा ठोकताळा कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडला होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातली धूळ मोजली, त्या कामात तो होता. मुंबईपासून लंडनपर्यंत जग धुरांड्यांकडे मान वर करून बघत होतं, आणि हा माणूस चुलीजवळ उकिडवा बसला होता.

वीज केंद्राला यातून सूट मिळत नाही, हे बाईंनी लगेच सांगितलं, आणि बरं केलं. तिथे कोळसा मालगाड्यांनी जळतो. शिवाय त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू वर हवेत आम्लात बदलतो, शेतातल्या युरियातून आणि गोठ्यातून सुटणाऱ्या अमोनियाला भेटतो आणि दोघांचे मिळून घन कण तयार होतात. धूर नाही, धूळ नाही, नुसते दोन वायू. आणि त्यांची पीएम २.५ तयार! आमचे देवळीकर काकाजी इथे गप्प झाले. युरियाची पोती त्यांनी नुकतीच उतरवून घेतली होती.

नाकाजवळच्या धुराचं गणित मांडलं गेलं नव्हतं तेव्हाही त्याचा उपाय वर्ध्यात शोधला जात होता, हे मला ठाऊक होतं, पण असं जोडून कधी पाहिलं नव्हतं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याला जमनालाल बजाजांनी इथली बाग आणि बंगला दिला. मगनलाल गांधींच्या नावावरून ती मगनवाडी. कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. लंडनला हिशेबनिसी आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस तेलघाणी, हातकागद आणि चूल यांत रमला. ‘मगन चूल’ तिथलीच. आपल्या चुलीला वैल असतो, तीच कल्पना पुढे नेलेली: एकाच विस्तवाची आच मातीतल्या वाटेने दुसऱ्या-तिसऱ्या भांड्याखालून फिरते आणि शेवटी धुराड्यातून बाहेर. धुराड्यातली तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा भरायला चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. फुंकणीचं काम धुराडं करतं, तेही न थकता. धूर नाहीसा होत नाही, फक्त भिंतीच्या पलीकडे जातो. पण तो हजाराचा आकडा डोक्यात ठेवून बघा, म्हणजे त्या एका भिंतीची किंमत कळते.

गॅस आला म्हणून आपण निर्धास्त. औषधांच्या दुकानदारांनी डासांच्या कॉइलबद्दल विचारलं, आणि उत्तर ऐकून त्यांचाच चेहरा पाहण्यासारखा झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. ती आपण उशाशी लावतो, दार लावून घेतो, आणि लेकराला शेजारी झोपवतो.

राहता राहिला हिवाळा. थंडीत संध्याकाळी सेवाग्रामच्या रस्त्याने गेलं की गावांवर धूर छपरांच्या उंचीवर आडवा पसरलेला दिसतो; वर जायचं नावच घेत नाही. निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, वर ऊबदार हवा राहते. एरवी वर गार आणि खाली गरम असते म्हणून हवा ढवळली जाते; उलटं झालं की ढवळणंच थांबतं. मे महिन्यात दुपारी, वर्धा पंचेचाळीस अंशांत भाजत असताना, तोच धूर दोन-तीन किलोमीटर उंचीच्या हवेत मिसळतो. जानेवारीच्या पहाटे त्याच्या वाट्याला शे-दोनशे मीटर येतात, आणि पेटलेल्या शेकोट्या त्यातच.

“मंग आमी सकाऊन फिराले जाचं का नाई?” देवळीकर काकाजींना कंठ फुटला.

“जा ना काकाजी, बारा महिने जा,” बाई म्हणाल्या. “डिसेंबर-जानेवारीत तेवढं ऊन चढू द्या. सूर्य वर येऊन दोनेक तास झाले, की जमीन तापते आणि धूर वर जायला लागतो.”

चिवड्याच्या वेळी त्यावर जुंपली. इतक्या उशिरा निघायचं तर नळ कुणी भरायचा, असा एक पक्ष. पहाटेची हवा ती पहाटेची हवा, असा दुसरा. कॉइलच्या जागी मच्छरदाणीवर बायकांचं चटकन जमलं. पुढच्या भिशीतून ते छोटं यंत्र घ्यायचं आणि घरोघर न्यायचं, हेही ठरलं. पहिलं माप कुणाच्या स्वयंपाकघरात घ्यायचं, हे विचारल्यावर मात्र प्रत्येकीने शेजारणीचं नाव सांगितलं.