स्लॅबखाली रेडिओ का गप्प होतो?

उदगीरच्या रस्त्यांवर गाडीतला रेडिओ मध्यलहरींवर लावला, की आधार मुख्यतः दोन केंद्रांचा: १३०५ किलोहर्ट्झवर परभणी आणि ७३८ वर हैदराबाद. सरळ रेषेत परभणी शंभरेक किलोमीटर, हैदराबाद त्याहून बरेच लांब. दिवसा या लहरी जमिनीला धरून येतात, आणि आपली काळी जमीन ओली असली की त्यांची वाट आणखी सुकर होते. एवढा प्रवास करून आलेला आवाज रेल्वेखालच्या भुयारी मार्गात गाडी शिरताच बुडतो, नुसती खरखर उरते. एफएम मात्र तिथेही बऱ्यापैकी चालू राहते. भिंत जाड म्हणून असे होते, हा सर्वसाधारण समज. माझ्या मते दोष जाडीचा नाही. तो काँक्रीटमधल्या लोखंडाचा आणि लहरीच्या लांबीचा आहे.

परभणीच्या लहरीची लांबी सुमारे २३० मीटर, एफएमची जेमतेम ३ मीटर. रेल्वेखालचा आरसीसी बॉक्स म्हणजे तळ, दोन्ही भिंती आणि छत, चारही बाजूंनी एकमेकींना बांधलेल्या सळयांची जाळी. या लहरींचे विद्युत क्षेत्र उभे असते आणि गाडीची छडीसारखी एरियल तेच टिपते. चहूबाजूंनी लोखंड असलेल्या मार्गातून असे क्षेत्र पुढे जायचे, तर मार्गाची रुंदी निदान लहरीच्या लांबीच्या निम्मी हवी: परभणीसाठी ११५ मीटर, एफएमसाठी दीड. रस्ता आठ मीटरचा असला तर एफएम आरपार जाते. परभणीचे क्षेत्र मात्र, ढोबळ गणिताने, रुंदीइतके अंतर आत गेल्यावर तेविसाव्या भागावर येते. म्हणून तोंडाशी आवाज असतो आणि चार गाड्यांच्या अंतरावर तो नाहीसा होतो.

शंका येईल, की मग दगडाचे काय? उदगीरचा किल्ला घ्या. त्याच्या तटात सळई नाही; कोरडा बेसॉल्ट वीज फारशी वाहून नेत नाही, आणि या लहरी त्यात काही मीटर सहज शिरतात. म्हणजे कित्येक फूट जाडीच्या तटापेक्षा वीतभर जाडीचा स्लॅब इथे भारी ठरतो. डोंगरातल्या बोगद्यांतही रेडिओ बंद पडतो, हे खरे. पण तिथे डोक्यावर दहा-वीस मीटर किंवा त्याहून जास्त, बहुधा ओला, खडक असतो आणि आत लोखंडाचे अस्तरही असू शकते. एवढ्या खोलीवर जाडीचा हिशेब करावाच लागतो, भिंतीच्या जाडीला तो लागत नाही.

दुसरा आक्षेप असा, की पुलाखाली खरखर वाढते, म्हणजे पूलच काहीतरी सोडत असणार. तसे नाही. केंद्राचा जोर घटला की रेडिओ आपोआप आपली ताकद वाढवतो. त्याबरोबर गाडीच्या इंजिनाचा, वायपरच्या मोटरचा आणि खुद्द संचाचा गोंगाटही मोठा होतो. ऐकू येते ती केंद्राची अनुपस्थिती. विजेच्या तारांची गोष्ट मात्र वेगळी. सैल पडलेल्या किंवा तडकलेल्या इन्सुलेटरवर बारीक ठिणगी पडत असेल, तर तारच तो गोंगाट दूरवर वाहून नेते. अशा तारांना समांतर रस्ता असला की मैलभर खरखर साथ सोडत नाही. तेव्हा ओळखायची खूण सोपी: पुलाबाहेर पडताच थांबली तर आडोसा, तारांबरोबर चालत राहिली तर ठिणगी.

डिजिटल प्रसारणाने हे सुटेल, या म्हणण्यातही अर्धेच तथ्य आहे. मध्यलहरींवरच्या डिजिटल रेडिओची लहर तेवढीच लांब. तिलाही बॉक्समध्ये शिरता येत नाही. फरक इतकाच, की खरखरीऐवजी आवाज एकदम तुटतो. खरा उपाय बोगद्याच्या आत आहे. जपानच्या महामार्गांवर लांब बोगद्यांत केबल टाकून बाहेरचे एएम प्रसारण आत पुन्हा ऐकवले जाते. अपघात झाला तर त्याच वाटेने सूचना देता येतात. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यासारख्या ठिकाणी अशी सोय रेडिओसाठी असलीच पाहिजे, असे मला वाटते. रेल्वेखालच्या छोट्या बॉक्ससाठी तेवढा खर्च करण्याची गरज नाही.