नोकरी गेली असता घरासाठी कर्ज मिळते का?



आपल्या बेटावर स्वतःच्या घराचे महत्त्व कुणाला सांगायला नको. १९६० साली ॲलिक्स आणि कॅरोल ही दोन वादळे दीड महिन्याच्या आत आली आणि हजारो घरे मोडून गेली. ते दिवस पाहिलेले माझे आजोबा म्हणत, "आधी छप्पर, मग बाकीचे सारे." म्हणून जर्मनीतील डार्मश्टाट शहरी राहणारा माझा भाचा तेथे फ्लॅट घेणार असे कळले, तेव्हा आम्ही घरोघरी मिठाई वाटली.

पंधरा दिवसांनी रात्री त्याचा फोन आला. "मावशी, कंपनीने नोटीस दिली. तीन महिन्यांनी माझे काम संपणार. आईला एवढ्यात सांगू नकोस. बँकेत कागद दिलेले आहेत, पगाराच्या पावत्या चांगल्या आहेत. नोटिशीविषयी गप्प राहू का?"

मी शाळेत शिकवणारी बाई. मी एवढेच म्हणाले, "बाळा, सगळे नीट समजेपर्यंत कुठेही सही करू नकोस." नंतर आम्ही दोघांनी जी माहिती मिळवली, ती आज आपल्यापुढे ठेवते. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज युरोपात आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट. केवळ बेकार-भत्त्यावर बँक घरासाठी कर्ज देत नाही असेच समजावे. मार्च २०१६ पासून जर्मनीत युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे कायदा आहे. कर्जदार हप्ते फेडू शकेल की नाही, हे बँकेने तपासलेच पाहिजे. घर तारण आहे, एवढे कारण पुरत नाही. तेथील बेकार-भत्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के असतो, मूल असल्यास ६७ टक्के. आणि तरुण माणसाला तो जास्तीत जास्त एक वर्ष मिळतो. कर्ज मात्र पंचवीस-तीस वर्षांचे! एका वर्षाच्या उत्पन्नावर तीस वर्षांचा भार कसा पेलणार?

दुसरी गोष्ट. नोटीस मिळाली आहे का, असे बँक विचारते. तेथे खोटे लिहिणे ही फसवणूक ठरते. उघडकीस आले तर बँक कर्ज रद्द करून सारी रक्कम एकदम मागू शकते, आणि खटलाही होऊ शकतो.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. जर्मनीत घराची खरेदी नोटरीपुढेच होते. तेथे एकदा सही झाली की खरेदीदार बांधला जातो, मग बँक कर्ज देवो अगर न देवो. शिवाय डार्मश्टाट ज्या हेसेन राज्यात आहे, तेथे किमतीच्या ६ टक्के खरेदी-कर भरावा लागतो. नोटरीचा आणि नोंदणीचा खर्च वेगळा. म्हणून आधी बँकेची लेखी मंजुरी, मग नोटरी. हा क्रम कधीही उलटा करू नये.

मग बेकार माणसाला मार्गच नाही का? आहे. नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी कायम असेल, तर तेवढ्या पगारावर लहान कर्ज मिळू शकते. स्वतःची शिल्लक मोठी असेल तर काम आणखी सोपे होते. नवी नोकरी लागली तरी पहिले सहा महिने बहुधा परीक्षेचे असतात, आणि बहुतेक बँका तोवर थांबायला सांगतात. आपल्या पासपोर्टवर राहणाऱ्यांना कायम रहिवासाचा परवानाही विचारला जातो.

ज्याने आधीच कर्ज घेतले आहे आणि मग नोकरी गेली, त्याने पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जावे. मुद्दलाचा भाग काही काळ कमी करून मागावा. कमी उत्पन्नाच्या घरमालकांसाठी सरकारी मदतही आहे, तिला 'लास्टेनत्सुशूस' म्हणतात. काम संपायला तीन महिन्यांपेक्षा कमी उरले असताना नोटीस कळली, तर तीन दिवसांत रोजगार कचेरीत नाव नोंदवावे. उशीर झाल्यास भत्ता काही दिवस बुडतो. नोटीस हाती पडल्यावर विमा काढून मात्र उपयोग नाही.

भाच्याने बँकेला खरे सांगितले. बँकेने नम्रपणे नकार दिला. त्याच्या बायकोचे काम अर्ध्या वेळेचे, त्या पगारात तो फ्लॅट बसेना. फ्लॅट दुसऱ्याने घेतला. माझी बहीण चार दिवस नीट जेवली नाही. "लोकांना आता काय सांगू?" हेच तिचे म्हणणे.

तिला मी डार्मश्टाटचीच गोष्ट सांगितली. ११ सप्टेंबर १९४४ च्या रात्री बाँबहल्ल्यात ते शहर जळाले. हजारो माणसे मेली आणि त्याहून किती तरी जास्त बेघर झाली. ते शहर पुन्हा उभे राहिले आणि आज तेथे असंख्य कुटुंबे भाड्याच्या घरात सुखाने राहतात. कामगारांना परवडणारी घरे देण्यासाठी तेथे १८६४ सालीच एक गृहसंस्था निघाली, ती अजून चालू आहे. साऱ्या जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाडेकरू आहेत. कायदेशीर कारणाशिवाय मालक त्यांना बाहेर काढू शकत नाही. तेथे भाड्याने राहणे कमीपणाचे मानत नाहीत.

सात महिन्यांनी भाच्याला दुसरे काम लागले, पगार थोडा कमी. आता तो दरमहा 'बाउश्पारकासे'मध्ये पैसे टाकतो. पुष्कळ लोक मिळून बचत करतात, ठरलेली रक्कम साठली की पाळीपाळीने ठरल्या व्याजाने घरकर्ज मिळते. भिशीचेच हे मोठे रूप. १९२४ पासून जर्मनीत ही पद्धत रुजली आहे.

"घर पाहावे बांधून" असे आपले वाडवडील म्हणत. त्यांनीच "अंथरूण पाहून पाय पसरावे" असेही सांगून ठेवले आहे. गप्प राहण्याचा विचार त्या मुलाच्या मनात का आला, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारले. दर रविवारी फोनवर आम्हीच त्याला विचारत होतो, "घर कधी घेतोस?" आता मी आधी विचारते, "काम कसे चालले आहे? जेवलास का?" आपणही तसेच विचारावे, ही विनंती.