बोअरचं पाणी आणि गाडीचा रेडिएटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून ठेवतोय. बोलण्याची भाषा फारशी बदललेली नाही.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे एक समज घट्ट बसलाय, की कूलंट हे बर्फाळ प्रदेशातलं काम, आपल्याकडे साधं पाणी चालतं. पण आकडे बघा. इंजिनातलं पाणी साधारण 95 अंशांवर फिरतं. बाहेर 25 अंश असतील तर फरक 70 चा. मे महिन्यात बाहेर 45, म्हणजे फरक उरला 50. रेडिएटर याच फरकावर उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे तोच रेडिएटर जवळपास 30 टक्के कमी काम करणार. त्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताय, पुढे ट्रक, एसी चालू. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो, त्याची गरम हवा थेट रेडिएटरवर.

साधं पाणी 100 अंशांना उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असेल तर 106-107 ला. वर झाकणाने 1 बारच्या आसपास दाब धरला की उकळबिंदू 120 च्याही वर जातो. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदलाच. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे तो, आणि सगळ्यात दुर्लक्षित.

आता बोअरचं पाणी. घरच्या कूलरच्या गवतावर जो पांढरा थर बसतो ना, तोच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो. कूलरचं गवत दरवर्षी बदलतो आपण, रेडिएटर कोण बदलतो? शिवाय साध्या पाण्याने आतून गंज चढतो, तो वेगळाच. कूलंट किती वर्षांनी बदलायचं आणि कोणतं घालायचं, हे गाडीच्या पुस्तकात बघा. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं नसतं. भरल्यावर आतली हवा नीट काढायला सांगा. काढलेलं कूलंट गटारीत ओतू नका, ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात.

होज पाईप थंड इंजिनावर दाबून बघा. पिचपिचीत लागला, फुगला किंवा चिरा दिसल्या तर बदला. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर दोन्ही एकदमच करा, खोलायची मजुरी एकदाच लागते. आणि कोणी म्हणालं, "भाऊ, थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील," तर नाही म्हणा. इंजिन थंडच राहिलं तर ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत तर थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत येतं. खराब असेल तर नवा बसवा.

काट्यावर माझा पूर्ण भरवसा नाही (सेन्सरचा डेटा रोज बघणाऱ्या माणसाचं मत समजा). पाणी गळून गेलं आणि सेन्सर कोरडा पडला, तर काटा चुकीचं दाखवू शकतो.

तरीही घाटात गाडी तापलीच तर एसी बंद, हीटर फुल, जागा मिळेल तिथे बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. दाब सुटला की आतलं सगळं क्षणात उकळून तोंडावर येतं. तशाच तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं, आणि मग खर्च झाकण-पाईपाचा राहत नाही, इंजिन उतरवायचा होतो.