चिठ्ठीवरचा नंबर वाचा, हक्काने विचारा

गेल्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आम्ही विहारात एक वेगळे काम केले. घरात डॉक्टरांची जी चिठ्ठी सापडेल ती घेऊन या, असे आधीच सांगून ठेवले होते. प्लास्टिकच्या पिशव्यांतून, पेटीच्या तळातून, रेशनकार्डाच्या घडीतून चिठ्ठ्या निघाल्या. सतरंजीवर पसरून एकेक वाचायला घेतली. काहींवर डॉक्टरांचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक सगळे छापलेले होते. काही मात्र नुसते कोरे कागद होते. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये दोन गोळ्यांची नावे.

त्यातली एक चिठ्ठी एका आजींची होती. आठ महिने त्यांना थकवा होता, पायांना मुंग्या येत, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागे. गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यात दर आठवड्याला सुई आणि महिन्याला एक सलाईन चालू होते. "अशक्तपणा आहे," एवढेच उत्तर मिळे. पायाची जखम भरेना, तेव्हा लेकीने त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. साखर चारशेच्या वर निघाली. पायाचा अंगठा वाचला नाही.

आम्ही विचारले, "आजी, त्या डॉक्टरांचं शिक्षण काय होतं?"

आजी म्हणाल्या, "डॉक्टरला शिक्षण कोण विचारतं, बाई? आपण कोण विचारणारे?"

या अंकाचे आरोग्य पान आजींच्या त्या शेवटच्या प्रश्नासाठी आहे.

आपण कोण विचारणारे?

हा प्रश्न आजींचा एकट्यांचा नाही. त्याला मोठा इतिहास आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती त्या शिक्षकाच्या पत्रातून 1929 साली 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. खूप विनवण्या केल्यावर, बाळंतिणीला वस्तीबाहेर आणले तर पाहीन, असे तो म्हणाला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले. परत त्याच वाटेने ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने अंगाला हात न लावता न्यूमोनिया सांगितला. पुढे तो आलाच नाही आणि ती बाई गेली.

ज्या समाजाला डॉक्टरने नुसते पाहावे म्हणूनही हात जोडावे लागले, त्या समाजाच्या तोंडी "तुमची पदवी काय?" हा प्रश्न सहज येत नाही. पण आज कायदा आपल्या बाजूला आहे. शिवाय आपण वंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असे तथागतांचा धम्मच सांगतो. धम्म पारखून घ्यायचा असेल, तर डॉक्टर पारखून घेण्यात कसला अपमान?

काठियावाडच्या हकीकतीतून आम्ही दोन गोष्टी घेतो. डॉक्टरचा कागद तपासायचा आणि डॉक्टरचा हातही पाहायचा.

फिजिशियन म्हणजे कोण?

साखर, रक्तदाब, दमा, थायरॉईड, न उतरणारा ताप, कावीळ, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी असे मोठ्या माणसांचे, ऑपरेशनशिवाय बरे करायचे किंवा आटोक्यात ठेवायचे आजार पाहणारा तज्ज्ञ म्हणजे फिजिशियन. बाबासाहेबांना मधुमेह होता, सोबत पायांचे दुखणेही होते. असे दोन-तीन आजार एकाच देहात असले की सगळ्यांवर मिळून लक्ष ठेवणारा डॉक्टर लागतो.

त्यासाठी आधी एमबीबीएस करावे लागते. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात काम. त्यानंतर तीन वर्षांचे एमडी मेडिसिन. काहींकडे एमडीऐवजी डीएनबी मेडिसिन असते, तीही मान्य पदवी आहे. पुढे डीएम असेल तर ते हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा एकाच अवयवाचे तज्ज्ञ.

साध्या सर्दी-तापाला फिजिशियन लागत नाही. साखर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या जवळचे एमबीबीएस डॉक्टरही नीट सांभाळतात. पण गोळ्या घेऊनही साखर उतरत नसेल, ताप आठवडाभर हटत नसेल, वजन आपोआप घटत असेल, पायावर सूज येत असेल, तर फिजिशियन गाठा.

पाटीवरची अक्षरे

पाटीवर नुसते 'एमडी' वाचून थांबू नका. पुढे कंसात काय आहे ते पाहा. एमडी आयुर्वेदातही असते, होमिओपॅथीतही असते. त्या खऱ्या पदव्या आहेत, पण ते एमडी मेडिसिन नव्हे. बीएएमएस डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि बीएचएमएस डॉक्टरांची होमिओपॅथी परिषदेकडे. आपल्या वस्त्यांत रात्री-अपरात्री दार उघडणारे पुष्कळदा हेच डॉक्टर असतात, हे आम्ही विसरत नाही. त्यांना एवढेच म्हणा, "डॉक्टर, एकदा फिजिशियनला दाखवायचंय, चिठ्ठी द्याल का?" चांगला डॉक्टर लगेच देतो.

सावध व्हायचे ते पाटीवर अक्षरांची लांब रांग असून एकही ओळखीची पदवी नसेल तर. 'अल्टरनेटिव्ह मेडिसिन', 'इलेक्ट्रोपॅथी' अशा नावांचे कागद घेऊन कोणी ॲलोपॅथीची सुई टोचू शकत नाही. 'अमुक वर्षांचा अनुभव' ही पदवी नव्हे. मोठ्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढलेली वर्षेही पदवी नव्हेत.

नंबर कसा तपासायचा?

ॲलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरला महाराष्ट्रात व्यवसाय करायला महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे, म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, नोंद करावी लागते. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो. चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवरही तो द्यायचा असतो. म्हणजे नंबर मागून आपण काही जादा मागत नाही.

अलीकडच्या डॉक्टरांचा नंबर बहुधा आधी वर्ष, मग महिना, मग आकडा असा असतो. जुन्या डॉक्टरांचा नुसता आकडा असतो. घरातल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मोबाईलवर परिषदेचे संकेतस्थळ उघडायला सांगा. तिथे नाव किंवा नंबर टाकून शोधता येते. देशभरातल्या डॉक्टरांची यादी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. नोंद सापडली की तीन गोष्टी पाहा.

पहिली, नाव आणि नंबर जुळतात का. दुसऱ्याचा नंबर छापून बसणारेही असतात.

दुसरी, पदवी कोणती लिहिली आहे. नुसते एमबीबीएस की पुढे एमडी मेडिसिनही? पुढच्या पदवीची नोंदही परिषदेकडे वेगळी करावी लागते.

तिसरी, नोंदणी चालू आहे का. ती दर पाच वर्षांनी नवी करावी लागते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, एक बाजू लुळी पडली, श्वास लागला, तर नंबर शोधत बसू नका. 108 ला फोन करा आणि मोठे रुग्णालय गाठा.

फिजिशियन भेटणार कुठे?

महागड्या दवाखान्यातच तज्ज्ञ असतो, हा गैरसमज आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरला घाटी. ही सगळी रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांची आहेत. तिथे केस पेपर काढताना 'मेडिसिन ओपीडी' सांगा. आधी तपासणारे तरुण डॉक्टर एमबीबीएस होऊन एमडी करत असतात आणि त्यांच्यावर प्राध्यापक डॉक्टर असतात. मेडिसिन विभागात युनिटे असतात आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. केस पेपरवर तो वार बघून पुढच्या वेळी त्याच वारी गेलात, तर तेच डॉक्टर भेटतात आणि पहिल्यापासून सगळे सांगावे लागत नाही. रोजंदारी बुडणार, रांग लांब असणार, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून सकाळी लवकर जा आणि जुने सगळे कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्या.

कागद खरा, पण हात?

काठियावाडचा तो डॉक्टर शिकलेला असूनही ती बाई वाचली नाही. म्हणून नंबर जुळला की अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे तपासायच्या खोलीत पाहायचे.

डॉक्टर नाडी पाहतात का? रक्तदाब मोजतात का? साखर असेल तर पायातली चप्पल काढायला लावून तळवे बघतात का? आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारतात का? आजाराचे नाव सांगतात का? न तपासता सलाईन लावणारा, चिठ्ठी न देता पुडीत गोळ्या बांधणारा आणि प्रश्न विचारला की खेकसणारा डॉक्टर, पदवी कितीही मोठी असली तरी, आपल्या घराच्या कामाचा नाही. वस्तीचे नाव ऐकून ज्याचा सूर बदलतो तोही नाही.

नंबर नसेल, जुळला नाही तर?

आधी शांतपणे विचारा. "डॉक्टर साहेब, चिठ्ठीवर नोंदणी नंबर दिसला नाही, लिहून द्याल का?" नावाच्या स्पेलिंगमुळेही कधी नोंद सापडत नाही. दोनदा विचारूनही नंबर मिळाला नाही, तर तिथली सुई थांबवा. पण साखर-बीपीच्या चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. पाकीट घेऊन सरकारी रुग्णालयात जा आणि तिथले डॉक्टर सांगतील तसे करा.

मग लेखी तक्रार करा. शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, गावाकडे तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. बोगस डॉक्टर शोधण्यासाठी शासनाच्या समित्याही आहेत. अर्जाला चिठ्ठीची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. नोंदणीकृत डॉक्टरच्या गैरवर्तनाची तक्रार वैद्यकीय परिषदेकडे करता येते. दवाखान्यावर चालून जाणे, तोडफोड करणे हा आपला मार्ग नाही. ज्याने आपल्याला संविधान दिले त्याचा मार्ग अर्जाचा आणि कायद्याचा आहे.

आम्ही विहारात आता एक वही ठेवली आहे. वस्तीतली लोकं ज्या डॉक्टरांकडे जातात त्यांचे नाव, नंबर, पदवी आणि नोंदणी कधीपर्यंत आहे, हे कॉलेजातली मुले त्यात लिहून ठेवतात. तुमच्या विहारातही अशी वही ठेवता येईल. दोनशे पानी वही आणि एक मोबाईल, एवढाच खर्च.

आजी आता दर महिन्याला सरकारी रुग्णालयात जातात. मागच्या खेपेला नव्या डॉक्टरांनी गोळी बदलली, तेव्हा आजींनी विचारले, "ही कशासाठी, साहेब?" डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगितले. घरी आल्यावर आजींनी आम्हाला ती गोष्ट दोनदा सांगितली.

जय भीम!