पोटावरील मुख आणि पाण्याचा हिशेब

नागपुरचा वैशाख कसा असतो हें वाचकांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि धडधाकट माणसाच्याही घशास कोरड पडते. मग ज्याच्या शरीरांत पाणी राखणारें आतडेंच निरुपयोगी झालें आहे, त्याची काय अवस्था होत असेल ?

आपल्या मिहानांत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचें मोठें रुग्णालय आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं त्याचें लोकार्पण झालें. अशा मोठ्या रुग्णालयांतून कर्करोग, क्षय, आतड्यास पडलेलें छिद्र इत्यादि कारणांनीं कित्येकांच्या आतड्याचें टोंक पोटाच्या कातडीवर आणून बसवावें लागतें. ह्या वाटेस 'स्टोमा' म्हणतात. शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ मुख असा आहे. मळ तेथून निघून वर चिकटविलेल्या पिशवींत सांठतो. कोणाची ही वाट कांहीं महिन्यांपुरती असते, तर कोणाची जन्माची.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. आपण खातों-पितों त्यांतील पाणी व लाळ, जठररस, पित्त इत्यादि रस मिळून दररोज सुमारें ८ ते ९ लिटर द्रव लहान आतड्यांत उतरतो. बहुतेक तेथेंच शोषला जातो. उरलेला एक-दीड लिटर मोठें आतडें शोषून घेतें. स्टोमा मोठ्या आतड्याचा असेल तर ही सोय बरीचशी शिल्लक राहते. परंतु तो लहान आतड्याच्या शेवटीं असेल, तर हें पाणी आणि त्यासोबत मीठ थेट पिशवींत जातें. पुढें आतडें हळूहळू सरावतें. पहिले कांहीं आठवडे मात्र फार जपावें लागतें.

"मग भरपूर पाणी प्यावें म्हणजे झालें," असें कोणीही म्हणेल. पण पिशवी भराभर भरत असतां नुसतें पाणी घटाघटा पिणें उलट घातक ठरतें. आतड्यांतील द्रवांत मीठ कमी पडलें कीं शरीरांतील मीठ तिकडे ओढलें जातें, व त्याच्यामागें पाणीही जातें. अतिगोड पेयांनींही पाणी असेंच आतड्यांत ओढलें जातें. मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणांत एकत्र आलीं, तर मात्र आतड्याची भिंत दोहोंस जोडीनें आंत घेते आणि पाणी त्यांच्यामागून येतें. हें तत्त्व रॉबर्ट क्रेन ह्यांनीं १९६० सालीं मांडलें. १९७१ सालीं बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांत पटकीची सांथ पसरली असतां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं असेंच मीठ-ग्लुकोजचें पाणी पाजून असंख्य प्राण वांचविले. तीच आपली जलसंजीवनी.

तिची सबंध पुडी, पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यांत विरघळवावी. कमी-अधिक करूं नये. पिशवी फार भरत असल्यास डॉक्टर याहून खारट मिश्रण सांगतात : १ लिटर पाण्यांत ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम व खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम. तें थंड करून दिवसभर घोटघोट घ्यावें. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाब यांचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून मीठ वाढवूं नये. जेवणांत पेज व खारें ताक असावें.

कित्येक रुग्ण पिशवी भरूं नये, चारचौघांत शोभा होऊं नये, म्हणून खाणें-पिणेंच तोडतात. ही लाज आम्हांस समजते. पण तिचा उपयोग नाहीं. पाचकरस उपाशीपोटींही वाहतच राहतात, आणि पिशवी भरतेच ! घरच्यांनीं अशा वेळीं नाक मुरडूं नये. उलट पिशवी रिकामी करतांना मापाच्या भांड्यांत मोजण्यास हातभार लावावा व रोजचा आंकडा वहींत टिपावा. स्थिरावल्यावर तो साधारणतः अर्धा ते पाऊण लिटर असतो. दीड लिटरच्या वर गेला, लघवी थोडी व गडद होऊं लागली, जीभ सुकली, पायांत गोळे आले, किंवा उठतांना डोळ्यांपुढें अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णास दवाखान्यांत न्यावें, आणि ती वही बरोबर घ्यावी.