रिमोटच्या बॅटरीचं गणित
गाझियाबादला हिंडन हवाई तळ आहे, त्यामुळे तिथे रिमोटचं विमान उडवण्याआधी ड्रोन नियमांचा नकाशा पाहावाच लागतो. पण हातातल्या ट्रान्समीटरकडे कोण पाहतो?

चार साधे पेन्सिल सेल मिळून ६ व्होल्ट. रिचार्जेबल निकेल सेल घातले की ४.८. आकडा घटला म्हणून घाबरू नये. हे सेल बराच वेळ व्होल्टेज टिकवून धरतात आणि शेवटी एकदम ढेपाळतात. म्हणून धोक्याची शिट्टी वाजताच विमान उतरवावं. ‘आणखी एक फेरी’ महागात पडते.

लिथियमच्या दोन सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते. सहा व्होल्टच्या ट्रान्समीटरला ती थेट जोडली तर तो जळू शकतो. माहितीपुस्तिकेतली कमाल मर्यादा आधी वाचा, आणि मे महिन्यात लिथियम बॅटरी बंद गाडीत ठेवू नका.